रिकामा डोंगर आणि उन्हाळ्यातली घरं

आजचा विषय जाहीर झाल्यावर कुणीतरी आयोजकांना विचारलं म्हणे, की तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेला माणूस स्कॉटलंडच्या डोंगरावरच्या गोठ्यांबद्दल काय सांगणार? प्रश्न रास्त आहे. पण पहिली दुरुस्ती तिथेच करून घेऊ. ते गोठे नव्हेत. तिथे माणसं राहत, जनावरं बाहेर असत. आणि ही चूक विचारणाऱ्याची एकट्याची नाही, आम्हीही ती केलेली आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं लेकीकडे एडिंबरोला गेलो होतो. तिने एक दिवस लॉख टेला नेलं. लॉख म्हणजे सरोवर. हे सरोवर चांगलं बावीस-तेवीस किलोमीटर लांब आहे आणि त्याच्या उत्तरेला बेन लॉअर्स नावाचा डोंगर आहे, उंची १२१४ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा चारशे-साडेचारशे मीटर कमीच, पण वाऱ्याने आमची टोपी दोनदा नेली. वर चढताना एका ओढ्याकाठी दगडांची एक चौकट दिसली. गुडघ्याइतकी उंच, कोपरे गोलसर झालेले, आत गवत. आम्ही पावलं टाकून मोजलं: लांबी सहा-सात पावलं, रुंदी तीन. आम्ही जाणकाराच्या थाटात म्हणालो, मेंढ्यांचा कोंडवाडा दिसतोय. बरोबरचा वाटाड्या सभ्य गृहस्थ होता. तो एवढंच म्हणाला, की मेंढ्या आल्या आणि म्हणून हे घर गेलं. त्या एका वाक्याचा अर्थ समजून घ्यायला आम्हाला पुढचे काही महिने वाचावं लागलं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या वाचनाचा हिशेब आहे.

त्या घराला इंग्रजीत शीलिंग म्हणतात, स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत आरी. शब्द झोपडीलाही लागतो आणि तिच्याभोवतीच्या कुरणालाही. हे लक्षात ठेवा, कारण घर आणि चराई हे दोन वेगळे विषय आहेत असं त्या भाषेला वाटत नाही.

आता वर्षाचं गणित बघा. गाव खाली, सरोवराच्या काठाला. तिथे थोडी सपाट जमीन, तिच्यात ओट आणि एक जुन्या जातीचा बार्ली. शेतांना आतून कुंपणं नाहीत. गावाच्या वरच्या अंगाला एक लांब बांध, त्याच्या खाली शेती, वर डोंगर. हिवाळ्यात गुरं खाली असतात, बऱ्याचदा माणसांच्याच छपराखाली दुसऱ्या टोकाला. वसंतात पेरणी होते, कोंब वर येतात, आणि मग प्रश्न उभा राहतो: बिनकुंपणाच्या शेतात हिरवं पीक आणि त्याच गावात भुकेली गुरं. दोन्ही एका जागी नांदू शकत नाहीत. त्याच वेळी वर बर्फ वितळून डोंगरावर गवत आलेलं असतं. म्हणून मे-जूनच्या सुमाराला गुरं बांधाच्या पलीकडे वर हाकायची आणि ऑगस्टपर्यंत तिकडेच ठेवायची. पुरुषमंडळी आधी वर जाऊन हिवाळ्यात पडझड झालेल्या झोपड्या नीट करून येत. मग बायका, मुली, पोरंटोरं गुरांबरोबर वर जात आणि तिथेच राहत. पुरुष खाली शेतीच्या कामाला, इंधनासाठी पीट कापायला, घरांची डागडुजी करायला. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतकं साठलेला वनस्पतींचा थर. तो विटांसारखा कापून वाळवतात आणि चुलीत घालतात.

वर राहण्याचं कारण दूध. गाय दिवसातून दोनदा पिळावी लागते, आणि दूध रोज डोंगरावरून खाली आणणं शक्य नाही, ते नासतं, हिंदकळतं. मग जिथे गाय तिथेच गवळण, आणि दुधाचं रूप बदलायचं: लोणी आणि चीज. ते टिकतं, वाहून नेता येतं. जमीनदाराचा खंडही काही अंशी लोणी आणि चीजमध्येच भरला जाई. म्हणजे डोंगरावरच्या त्या तीन पावलं रुंद खोलीत गावाचा अर्धा खंड तयार होत होता असं म्हटलं तर अतिशयोक्ती थोडीच होईल.

आता अवशेषांकडे येऊ. डोंगरावर दगडं काय कमी असतात? त्यातून शीलिंग ओळखायचं कसं?

पहिली खूण रंगाची, आणि ती आम्हाला फार आवडली. हीदरच्या काळपट-तपकिरी झुडपांनी भरलेल्या उतारावर मधेच एक हिरवागार तुकडा दिसतो. दोनशे वर्षं तिथे कुणी राहिलेलं नाही, तरी हिरवा. कारण शेण. उन्हाळ्यामागून उन्हाळे गुरं रात्री झोपडीभोवती बसत होती. त्यांच्या शेणामुताने माती बदलली, आणि बदललेली माती अजून वेगळं गवत उगवते. यामागचं रसायन फॉस्फेटचं आहे. मातीतलं फॉस्फेट पावसाने सहज वाहून जात नाही, ते मातीच्या कणांना धरून बसतं. ही गोष्ट पुरातत्त्वाच्या कामाला लावली स्वीडनच्या ओलोफ आऱ्हेनियसने, १९२०-३० च्या सुमाराला. गंमत अशी की तो बीटच्या लागवडीसाठी माती तपासत होता, साखरेसाठी. आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या माती परीक्षणातून असं काही निघालेलं ऐकिवात नाही. असो.

दुसरी खूण जागेची. ओढ्याजवळ, पण पुराच्या पाण्यात नाही. जरा उंचवट्यावर, म्हणजे पायाखाली ओल राहू नये. चीज-लोण्याच्या कामाला थंड, वाहतं पाणी हवंच. आणि झोपड्या एकट्या नसतात, घोळक्याने असतात. पाच-दहा, कुठे त्याहून जास्त. एका गावाच्या बायका एका ठिकाणी.

तिसरी खूण आकाराची. आतली जागा साधारण दोन मीटर रुंद, चार-पाच मीटर लांब. दार बहुधा लांब बाजूला. काही ठिकाणी शेजारी किंवा टोकाला आणखी एक चिमुकली खोली, ज्यात माणूस आडवा होऊ शकणार नाही. ती दुधाची खोली. भिंतीत कोनाडे.

चौथी खूण नवख्याच्या डोळ्यांना दिसत नाही, आम्हालाही दाखवावी लागली. अनेक झोपड्यांच्या भिंती दगडाच्या नसतातच. गवत मुळांसकट कापून काढलेले मातीचे ठोकळे एकावर एक रचून भिंत उभी करत, किंवा खाली दगडाचा थर आणि वर हे ठोकळे. अशी भिंत काही वर्षांत बसते. मग त्याच जागी, पडलेल्या भिंतीवरच, नवी रचायची. असं पिढ्यानपिढ्या चाललं की झोपडीखाली एक टेकाड तयार होतं. लुईस आणि स्काय या बेटांवर अशी टेकाडं आहेत, लांबून बघणाऱ्याला वारुळासारखी. आपल्याकडे गोदावरी-प्रवरेकाठी पांढरीची टेकाडं असतात, तोच न्याय, फक्त आकार लहान आणि वस्ती वर्षातून दोन-तीन महिन्यांची.

आणखी एक पुरावा झोपडीत नसतोच, तो शेजारच्या दलदलीत असतो. पीटच्या थरांत परागकण टिकतात. थर खाली जुना, वर नवा. एखाद्या थरात झाडांचे पराग कमी झाले, गवताचे वाढले आणि प्लँटॅगोचे पराग दिसू लागले, की तिथे चराई सुरू झाली असा तर्क करता येतो. प्लँटॅगो म्हणजे आपल्या इसबगोलाच्याच कुळातली रानवनस्पती, चरलेल्या, तुडवलेल्या जमिनीत ती फोफावते. शिवाय शेणावर वाढणाऱ्या काही बुरशींचे बीजाणूही थरांत सापडतात. आयर्लंडच्या दलदलींत तर लोण्याचे गोळेच सापडतात, लाकडी भांड्यांत ठेवलेले, काही नुसतेच. त्यांचं कालमापन झालं आहे, सर्वांत जुने साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. सगळे काही उन्हाळी चराईचेच असतील असं नाही. पण दूध टिकवण्याचा खटाटोप किती जुना आहे ते कळतं.

बेन लॉअर्सवर हे काम पद्धतशीर झालं. १९९६ ते २००५ या काळात तिथे एक मोठा प्रकल्प चालला: उताराची पायी पाहणी, निवडक झोपड्यांचं उत्खनन, माती आणि पराग यांचा अभ्यास. आणि उत्खननात काय सापडलं? इथे सामान्य माणसाची निराशा होते. चुलीची राख, कोळसा, थोडी खापरं, एखादी बारीकसारीक वस्तू. शीलिंगच्या उत्खननांची सगळीकडेच ही तक्रार असते: वस्तू जवळजवळ नाहीत.

आता आमच्या दुकानात या. वस्तू नाहीत, याचा अर्थ काय करायचा?

जुने प्रवासी आणि पुढे काही अभ्यासकही याचा अर्थ दारिद्र्य असा करत आले. इतकी लहान खोली, इतक्या कमी वस्तू, म्हणजे माणसं कंगाल. वरवर ठीक वाटतं. पण आपल्या परंपरेत ‘नाही’ या ज्ञानावर फार बारकाईने विचार झालेला आहे. भाट्ट मीमांसक आणि वेदान्ती अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, त्यावरून घडा नाही हे कळतं. नैयायिकांना हे वेगळं प्रमाण मान्य नाही, ते म्हणतात प्रत्यक्षातच काम भागतं. तो वाद आज बाजूला ठेवू. दोघांना मान्य असलेली अट महत्त्वाची आहे. न दिसण्याने ‘नाही’ सिद्ध व्हायचं असेल, तर ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधारात घडा दिसला नाही, तर घडा नाही असं म्हणता येत नाही. खांबात पिशाच दिसत नाही, यावरून पिशाच नाही असंही सिद्ध होत नाही, कारण ते असतं तरी दिसलं नसतं.

ही अट शीलिंगला लावून बघा. तिथल्या बाईकडे वस्तू असत्या तर त्या आज सापडल्या असत्या का? नसत्या. एक म्हणजे, तिची बहुतेक भांडी लाकडाची: दुधाच्या चरव्या, घुसळण्याचं पिंप. लाकूड कुजतं. टॉमस पेनंट नावाचा प्रवासी १७७२ मध्ये जुरा बेटावर गेला, तिथल्या शीलिंगचं त्याने वर्णन केलं आणि चित्रही छापलं. फांद्या, वर मातीचे ठोकळे, आत हीदरचं अंथरूण. यातलं आज काय उरेल? गवताखालची एक फुगीर रेघ. दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं: ऑगस्टमध्ये ती बाई सगळं उचलून घरी गेली. घरीच गेली ना. कढई, चरवी, चाती, घोंगडं, सगळं. लाकूड दुर्मीळ होतं अशा भागात छपराचे वासेसुद्धा ने-आण करत. कुणी सोडून पळालेलं घर नव्हतं ते. रीतसर आवरलेलं घर होतं. आवरलेल्या घरात काही सापडत नाही म्हणून घरमालकीण कंगाल, हा कुठला न्याय?

आम्हाला असं वाटतं की मुळात चूक मोजमापाच्या एककात आहे. त्या चौकटीला आपण एक घर समजतो आणि मग ते घर म्हणून तोकडं पडतं. ते घर नव्हतंच, घराची एक खोली होती. बाकीच्या खोल्या दीड-दोन तासांच्या उतरणीवर, सरोवराच्या काठाला. वेल्श भाषेत हे जोडीनेच सांगतात: हावोद म्हणजे उन्हाळ्यातलं ठिकाण, हेन्द्रे म्हणजे जुनी, कायमची वस्ती. एक शब्द दुसऱ्यावाचून अपुरा. नुसता हावोद खणून वेल्श शेतकऱ्याच्या संसाराबद्दल बोलणं म्हणजे एखाद्याचं फक्त माजघर बघून त्याच्याकडे देव्हारा नाही म्हणण्यासारखं आहे.

ही पद्धत एकट्या स्कॉटलंडची नव्हे हे ओघाने सांगायला हवं. आयर्लंडमध्ये अशा जागांना बूली म्हणतात; अकिल बेटावर स्लीवमोर डोंगराच्या पायथ्याला ओळीने ओसाड दगडी घरं उभी आहेत, गाव म्हणून रिकामं झाल्यावरही ती बरीच वर्षं उन्हाळी मुक्कामाला वापरली गेली. नॉर्वेत सेटर. आल्प्समध्ये दोन हजार मीटरच्या वर कांस्ययुगापासूनच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या आहेत, आणि तिथल्या लोहयुगीन खापरांत दुधाच्या स्निग्धांशाचा पुरावा निघाला आहे. सगळ्यात मजेशीर फेरो बेटांची गोष्ट. तिथे उत्खनन झालेलं वायकिंग काळातलं एक उन्हाळी ठाणं आहे, नाव आर्गिस्ब्रेका. यातला ‘आर्गि’ हा शब्द नॉर्स लोकांचा नव्हे, गेलिक ‘आरी’चाच जुना भाऊ. नॉर्वेहून निघालेल्या माणसांकडे स्वतःचा शब्द होता, तरी वाटेत त्यांनी हा उचलला आणि पुढच्या बेटावर नेला. भिंती बसल्या तरी शब्द बसत नाहीत. नकाशावर आपल्याकडेही गोठणे, गवळीवाडा, धनगरवाडा अशी नावं किती ठिकाणी आहेत ते बघा.

आता त्या वाटाड्याच्या वाक्याकडे. मेंढ्या आल्या आणि घर गेलं, म्हणजे काय झालं?

१७६९ मध्ये लॉख टेच्या दोन्ही काठांची मोजणी झाली. जमीन ब्रेडलबेनच्या अर्लची. उत्तरेचा काठ जॉन फारक्वारसनने मोजला, दक्षिणेचा जॉन मॅकआर्थरने. शेत न् शेत मोजलेलं आहे, आणि उत्तरेच्या डोंगरावर शीलिंगच्या जागाही नोंदल्या आहेत. म्हणजे जमीनदाराला ती घरं माहीत होती. मोजणीचा हेतू मात्र इतिहास लिहिण्याचा नव्हता, जमिनीची फेररचना करून उत्पन्न वाढवण्याचा होता. त्या काळच्या सुधारणावाद्यांची एक भाषा होती, ब्रिटनभर. नांगरलेली जमीन म्हणजे जमीन, बाकीची पडीक. पडीक कामाला लावायची.

खरं तर शीलिंगला उतरती कळा मेंढ्यांच्या आधीच लागली होती. दक्षिणेत मांसाला भाव आल्यावर दुधापेक्षा वासरू विकणं फायद्याचं झालं. वासरू वाढवायचं तर दूध त्यालाच पाजायचं, मग पिळायला आणि लोणी काढायला उरतं काय? काही ठिकाणी लोकसंख्या वाढल्यामुळे शीलिंगच्याच जागी कायमची शेतं झाली, उन्हाळ्याचं घर बारमाही झालं. हे सांगायला हवं, नाहीतर गोष्ट फार सोपी होते: दुष्ट जमीनदार, गरीब गवळणी. पण निर्णायक घाव मेंढ्यांचाच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे डोंगरच्या डोंगर व्यापारी मेंढपाळीला खंडाने दिले गेले. लोकरीसाठी पाळलेली मेंढी रोज पिळावी लागत नाही. तिला गवळण नको, दुधाची खोली नको. एक मेंढपाळ आणि दोन कुत्री शेकडो मेंढ्यांना पुरतात. आणि झोपड्यांचे दगड कधीकधी मेंढ्यांच्या कोंडवाड्यासाठी वापरले गेले. त्यामुळे आम्ही जिला कोंडवाडा म्हणालो ती चौकट अगदीच चुकीची ओळखली असं नाही, फक्त काळ चुकला.

जुने तार्किक अभावाचे चार प्रकार सांगतात. घडा होण्यापूर्वी नसतो तो प्रागभाव. फुटल्यावर नसतो तो प्रध्वंसाभाव. हा तो नव्हे, तो अन्योन्याभाव. आणि वाऱ्याला रंग नाही, कधीच नव्हता, कधी नसेल, तो अत्यंताभाव. काहींनी पाचवा मानला आहे, सामयिकाभाव. घडा इथून उचलून आत नेला. आत्ता इथे नाही. संध्याकाळी परत येईल. हा वेगळा प्रकार मानावा की अत्यंताभावातच बसवावा, यावर नैयायिकांनी भरपूर शाई खर्च केली आहे. विद्यार्थी असताना आम्हाला ती शाई वायफळ वाटायची. परीक्षेत आम्ही तो प्रश्न सोडून दिला होता.

ऑक्टोबरात बेन लॉअर्सवर जो चढेल त्याला काय दिसेल? छप्पर नसलेल्या भिंती, थंड चुली, माणूस नाही. तो म्हणेल, रिकामं आहे. त्याचं निरीक्षण बरोबर आहे, अभावाचा प्रकार चुकला. सामयिक अभाव होता, त्याने अत्यंत अभाव नोंदवला. आणि अशी नोंद ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने केली, की काही वर्षांत तिसराच अभाव खरा होतो, प्रध्वंसाचा. ज्या जमिनीचा वापर ऋतूप्रमाणे होतो, तिच्यावरचा हक्क सिद्ध करणं जगभर अवघड जातं, कारण तपासणीला येणारा माणूस ऋतू विचारत नाही. शेतकऱ्याचा बांध बारा महिने दिसतो. चरणाऱ्याचा हक्क दोन महिने दिसतो.

हे जुन्या काळापुरतं आहे असं समजू नका. लुईस बेटावर शीलिंगला जाण्याची रीत विसाव्या शतकातही चालू होती. तिथल्या माळावर पत्र्याच्या शीलिंग आहेत, काहींनी तर जुन्या बसचा सांगाडा आणून ठेवला आणि त्यात उन्हाळा काढला. त्याच माळावर एका कंपनीने १८१ पवनचक्क्यांचा प्रकल्प मांडला. बाहेरून बघणाऱ्यांना तो माळ निर्जीव, ओसाड वाटत होता. स्थानिकांपैकी अनेकांनी काय केलं, तर माळाच्या कणाकणाला असलेली गेलिक नावं आणि शीलिंगच्या वाटा पुढे आणल्या. २००८ मध्ये स्कॉटिश सरकारने प्रकल्प नाकारला. आनंद वाटतो, पण कारण ऐका: पक्ष्यांच्या संरक्षणाचा युरोपीय कायदा. पक्षी हंगामी येतात हे कायद्याला कळतं. त्यांना घरटं बारा महिने राखावं लागत नाही.

आता थोडं घराकडे. इथे एक सावधगिरी हवी. आपल्याकडची चराई या पद्धतीची नाही. धनगर उन्हाळ्यात डोंगर चढून थंडीत उतरतात असं नाही. त्यांचं वर्ष पावसावर फिरतं. पावसाळ्यात पूर्वेकडच्या कमी पावसाच्या मुलखात, आणि पावसाळा सरल्यावर बरेच कळप घाट उतरून कोकणात. मेंढीला चिखल आणि ओल सोसत नाही, हे त्यामागचं गणित. सह्याद्रीच्या माथ्यावर गवळी धनगर म्हशी घेऊन राहतात, त्यांची तऱ्हा आणखी निराळी. तेव्हा शीलिंग म्हणजे धनगरवाडा असं समीकरण मांडू नये.

पण अवशेष वाचण्याची अडचण अगदी तीच आहे. धनगरांचा वाडा म्हणजे शेतात पडलेला मुक्काम: वाघरीचं जाळं, तीन दगडांची चूल, घोड्यावर लादता येईल एवढा संसार. वाडा उठल्यावर चार दिवसांनी काय राहतं? राख आणि लेंड्या. त्या लेंड्यांसाठीच तर शेतकरी मेंढ्या शेतात बसवून घेतो आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. म्हणजे त्यांची खूण पिकात जाते, पुरातत्त्वज्ञाच्या हाती लागत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासचे डोंगर पायी हिंडले, सूक्ष्म दगडी हत्यारं वेचली, आणि त्या जागांची पशुपालकांच्या जुन्या वाटांशी, देवीच्या ठाण्यांशी सांगड घातली. वस्ती न शोधता वाट शोधायची, ही त्यांची दृष्टी. ग्युंटर सोन्थायमर हा जर्मन विद्वान बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबाच्या मागे धनगरांबरोबर हिंडला तोही याच कारणाने. देव कुठे बसवला आहे आणि कुठून कुठे आला असं सांगतात, त्यात कळपाची वाट असते. आणि दक्षिणेला रायचूर-बेल्लारीच्या बाजूला राखेची प्रचंड टेकाडं आहेत. ज्वालामुखीची राख म्हणावी तर ज्वालामुखी नाही. ऑल्चिन यांनी उत्नूरला उत्खनन केलं तेव्हा ती नवाश्मयुगीन गुरांच्या वाड्यांतल्या जळलेल्या शेणाची निघाली, आणि मातीत गुरांच्या खुरांचे ठसे होते. पुन्हा शेणच. राजांचे ताम्रपट आणि गवळ्यांचं शेण, दोन्ही दफ्तरंच. एक वाचायला आपण लवकर शिकलो, एवढाच फरक.

आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकातल्या महसूल दफ्तरात ‘पडीक’ हा शब्द आहे, १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव झालेली जंगलं आहेत, आणि दोन्हींच्या आत जुन्या चराईच्या वाटा आहेत. यावर सविस्तर बोलायला वेगळं व्याख्यान लागेल आणि आमच्याहून जास्त अधिकाराचा माणूस लागेल.

व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांपैकी एकाचं उत्तर इथे जोडतो, कारण प्रश्न नेमका होता. एका बाईंनी विचारलं: तुम्ही सारखं ‘ती बाई, ती बाई’ म्हणता. झोपडीत जर काही सापडतच नाही, तर तिथे बायका राहत होत्या हे दगडांनी सांगितलं, की तुम्ही घरून घेऊन गेलात?

उत्तर असं, की दगडांनी नाही सांगितलं. पेनंटसारख्यांच्या लिखाणातून, गेलिक लोकगीतांतून आणि लुईस बेटावर विसाव्या शतकात शीलिंगला गेलेल्या बायकांनी स्वतः सांगितलेल्या आठवणींतून ते कळतं. या गोष्टी साधारण शेवटच्या तीन-साडेतीनशे वर्षांबद्दल आहेत. त्याआधीच्या, हजार वर्षांपूर्वीच्या झोपडीत कोण झोपत होतं हे त्यांच्यावरून ठरवणं म्हणजे अंधारात घडा शोधणं. क्वचित सुताची चाती सापडते, तेव्हा तर्काला थोडा आधार मिळतो. थोडाच, कारण सूत पुरुषानेही कातलं असेल. म्हणून अठराव्या शतकाबद्दल बोलताना आम्ही ‘ती बाई’ म्हणू, फेरो बेटांच्या वायकिंग ठाण्याबद्दल बोलताना ‘माणसं’ म्हणू. आज बोलण्याच्या ओघात आम्ही हा भेद दोन-तीनदा विसरलो असू. लिखित प्रतीत जिथे सापडलं तिथे दुरुस्त केलं आहे.